आमच्या वाणाचा बाक

या वर्षीच्या संक्रांतीला कुणीही कुणाला स्टीलची वाटी किंवा झाकण न बसणारा प्लास्टिकचा डबा द्यायचा नाही, असं माझ्या थोरल्या जाऊबाईंनी जाहीर केलं, तेव्हा आमच्या हळदीकुंकवाच्या गटातल्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. सगळ्यांनी मिळून एकच वाण लुटायचं आणि तेही जिथं खरोखर गरज आहे तिथं, असा त्यांचा हुकूम होता. जाऊबाई ग्वाल्हेरात गोरखीजवळ राहतात, वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठ्या. त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप नाही. माझी आहे, पण मला कल्पना आवडली होती.

गरज कुठं आहे हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. दर्पण कॉलनीतल्या माझ्या घरी वरच्या खोलीत एक नर्स भाड्यानं राहते. भिंडकडची मुलगी, लग्न व्हायचंय, कामाला वाघ. रोज सकाळी बसनं तासाभरावरच्या एका गावात जाते. तिथं दगडाच्या खाणी आहेत, खाणीत राबून छातीत धूळ भरलेली माणसं आहेत आणि दोन खोल्यांचं एक सरकारी आरोग्य उपकेंद्र आहे. गावातले पुरुष बरेचसे गुजरातेत फरशीच्या कारखान्यांत. मागं राहतात म्हातारे, बायका आणि पोरं. मंगळवारी लसी आणि गरोदर बायकांची तपासणी असते, त्या दिवशी बायका उन्हात ताटकळत उभ्या असतात, असं नर्स एकदा चहा पिताना बोलून गेली. मी ते जाऊबाईंना सांगितलं आणि वाण ठरलं. उपकेंद्राच्या दारासमोर बसायला एक छान लांबलचक बाक आणि वर पत्र्याची सावली.

होळीच्या आत काम झालं. बाक चांगला दणदणीत होता, पाठ टेकायला लोखंडी पट्ट्या, खाली फरशी. बसल्या बसल्या सिस्टरला हाक मारता यावी म्हणून खिडकीला लागूनच बसवून घेतला, ही सूचना माझी. नारळ फोडला, गावातल्या वडीलधाऱ्यांनी आमच्या गळ्यात झेंडूचे हार घातले, आणि आम्ही तिळगूळ वाटून परत आलो. संक्रांत केव्हाच उलटून गेली होती, पण जाऊबाईंना तिळगुळाशिवाय वाण पूर्ण वाटत नव्हतं.

मग एप्रिलमध्ये नर्सचा चेहरा उतरला. बायका येईनाशा झाल्या होत्या. पोरांना टोचून घ्यायला म्हाताऱ्या सासवा येत, पण तरण्या सुना, त्यातही पोटुशा, दिसतच नव्हत्या. आधी उन्हात उभ्या राहायच्या आणि आता सावली केली तर गायब. मला या गोष्टीनं जे पछाडलं ते सांगता सोय नाही. विमा कचेरीत जन्म गेला माझा, लोक काय सांगतात आणि खरं काय असतं यातलं अंतर शोधण्यात. निवृत्त झाले तरी जित्याची खोड ती.

तर्क पुष्कळ निघाले. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, गव्हाची कटाई चालू आहे ना, फुरसत कुठं आहे त्यांना?" कटाई संपली. मग म्हणाल्या, शादी का सीझन आहे. लग्नंही संपली. माझं म्हणणं होतं की नर्सच कुणाला तरी फाडकन बोलली असणार, कारण बोलते ती तशी. नर्सला ते लागलं आणि दोन दिवस ती माझ्याकडं चहाला आली नाही. तिचं म्हणणं, कुणीतरी गोळ्यांबद्दल अफवा पसरवली. तिथल्या आशा सेविकेलाही ती विचारून थकली. आशा त्याच गावची सून. ती नुसतं हसायची आणि पोरांच्या लसीकडं विषय वळवायची. ते हसू मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मे महिन्यात मात्र गोष्ट गमतीची राहिली नाही. त्या गावातल्या एका सुनेला आठवा महिना होता. तिचं पहिलं बाळ गेल्या खेपेला असंच रक्तदाब वाढून पोटातच गेलं होतं, ते कळून गाडी मिळेपर्यंत उशीर झाला होता. या वेळी बाक बसायच्या आधीच्या तपासणीत तिचा दाब जरा चढा होता. दर मंगळवारी येऊन दाखवायचं, चुकवायचं नाही, असं नर्सनं तिला बजावलं होतं, आणि ती तेव्हापासून फिरकली नव्हती. नर्स दोनदा तिच्या घरी जाऊन आली. एकदा दाराला कडी होती, एकदा ती रानात शेळ्यांच्या मागं. नर्स मला म्हणाली, "आंटी, इस बार भी वैसा हुआ तो मैं वहाँ मुँह कैसे दिखाऊँगी?" आणि रडली. ही पोरगी रडताना मी पहिल्यांदा पाहिली. मी म्हटलं, येत्या मंगळवारी मी येते.

जाऊबाईंना कळल्यावर त्याही निघाल्या, त्यांच्या गाडीनं. जाऊबाई साठी उलटल्यावर गाडी शिकल्या आणि शिकल्यापासून हॉर्नवरचा हात काढलेला नाही.

उपकेंद्रापाशी पोचलो तेव्हा बाक भरलेला होता. गावातले पाच-सहा म्हातारे ऐसपैस बसले होते, डोक्याला साफे, हातात काठ्या, कुणाची बिडी चाललेली, कुणाचे पत्ते. आम्हाला बघून सगळ्यांनी हात जोडले आणि बाकाची तोंड भरून स्तुती केली. असा गार वारा गावात दुसरीकडं कुठं लागत नाही म्हणे. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. जाऊबाई नर्सबरोबर आत गेल्या आणि मी बाकाच्या टोकाला टेकले.

माझ्या शेजारी जे बसले होते त्यांना सगळा गाव दद्दा म्हणायचा. खाणीत जन्मभर दगड घडवलेला माणूस, अंगानं वाळकी काटकी, आणि दर वाक्याला खोकला. बोलता बोलता कळलं की नर्स जिच्यासाठी रडली ती सून यांचीच. मी कान टवकारले.

त्यांच्या घराची हकिगत त्यांनी मला अगदी सहज सांगितली. बायको वारली, मुलगा गुजरातेत, घरात ही सून आणि ते, दोघंच. सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणजे तोंडावरचा पदरही सरकत नाही आणि शब्दही निघत नाही. मग घर चालतं कसं, असं मी विचारलं, कारण मला राहवेना. ते हसले. अंगणात यायचं असलं की ते खोकतात, खोकला तर फुकटच येतो. भाकरी हवी असली की भिंतीला सांगतात, आज भूक लागली बुवा. ताट उंबऱ्यावर येतं. तिला काही हवं असलं तर शेजारणीचं पोर निरोप आणतं. पूर्वी मधे सासू होती, सगळं बोलणं तिच्यातून जायचं. ती गेल्यापासून जरा अडचण होते, एवढंच ते म्हणाले.

मला ते ऐकून कसं वाटलं ते सांगणं कठीण आहे. हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. एका छपराखाली दोन माणसं, आणि मधे भिंत हीच काय ती बोलणारी.

मग मी सरळ विचारलं, सून तपासणीला का येत नाही? इथं दद्दा एकदम नाराज झाले. आजकालच्या सुना ऐकत नाहीत, म्हणाले. आपल्याला तर तिची एवढी काळजी, की मंगळवारी सकाळी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसतात. सिस्टर आली की पोराच्या हातून घरी निरोप धाडतात. आणि मग तिच्यासाठी जागा धरून बसून राहतात. "हम सबेरे से इतै बैठे रहत, के बाको नंबर न निकर जाए," ते म्हणाले. "बा आतई नईं."

म्हणजे सकाळपासून तिचा नंबर निघून जाऊ नये म्हणून हा माणूस बसून असतो आणि ती येतच नाही. त्यांच्या आवाजात राग होता, पण त्याखाली भीती होती, ती लपत नव्हती. पहिल्या नातवाला त्यांनीच मातीत ठेवलं होतं.

तेवढ्यात मला वळणावर दोन बायका दिसल्या. हातपंपाजवळ रस्ता वळतो तिथं. एकीनं छातीपर्यंत घुंघट ओढलेला, पोट पुढं आलेलं, आणि या टळटळीत उन्हात चपला पायात नाहीत, हातात. ती थांबली. बाकाकडं तिनं पाहिलं असावं, तोंड दिसत नव्हतं. बरोबरची बाई तिला काहीतरी समजावत होती. मग दोघी मागं फिरल्या. दद्दांची पाठ तिकडं होती, त्यांना काहीच दिसलं नाही. मी उठले आणि पंपावर पाणी पिऊन येते म्हणून निघाले.

वळणापलीकडं एका भिंतीच्या सावलीत मी त्यांना गाठलं. आसपास पुरुष नाही हे बघून तिनं घुंघट वर केला. विशी-बाविशीची पोर, चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पिशव्या. डोकं फार दुखतं, म्हणाली. शेजारीण म्हणाली, ऊन लागलंय, कांदा जवळ ठेवायला सांगितलाय. मी म्हटलं, अगं मग इथपर्यंत येऊन परत का चाललीस? दार तर समोर आहे.

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पाणी ओलं का असतं ते विचारलं. "उतै दद्दा बैठे हैं," ती म्हणाली. "सब बडे बैठे हैं. सिस्टर खिडकी से जोर से पूछत हैं. हम जवाब कैसें दें?"

मी तिथं उभी होते आणि माझ्या डोक्यात एकेक खिळा बसत गेला. वडीलधाऱ्यांच्या समोरून चपला घालून जायचं नाही. त्यांच्या कानावर आपला आवाज पडू द्यायचा नाही. आणि आत गेल्यावर नर्स खणखणीत आवाजात विचारणार, लघवीला जळजळ होते का, पाळी कधी चुकली, पोटात बाळ हलतं का. बाहेर खिडकीला टेकून सासरा आणि अर्धा गाव. आधी तिथं बसायला काही नव्हतं म्हणून म्हातारे तिकडं फिरकतच नव्हते, आणि बायका उन्हात का होईना, आपापल्या हक्कानं उभ्या राहत होत्या. आम्ही सावली केली, आणि जिथं सावली तिथं गावातले वडीलधारे. आशा हसायची ती याचसाठी. दान देणाऱ्या पाहुण्यांना तोंडावर सांगणार कोण?

आणि आमच्या लक्षात यावं तरी कसं? आमच्या घरी सासऱ्यांपुढं डोक्यावर पदर होता, पण तोंडाला कुलूप नव्हतं. जाऊबाई तर रोज त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या आणि बातमीवरून त्यांच्याशी भांडायच्या. पिढ्यान् पिढ्या आम्ही या मुलखात राहिलो, इथली भाषा बोललो, इथल्या कचोऱ्या खाल्ल्या, आणि शेजारच्या गावातली सून कुठल्या रस्त्यानं चालते ते आम्हाला ठाऊक नव्हतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

पण विचार करत बसायला वेळ नव्हता. तिच्या चेहऱ्यावरची सूज मला बरी वाटत नव्हती. तिला तिथंच बसायला सांगून मी परत आले.

हे कसं सांगायचं याचा मी रस्त्यात पुष्कळ विचार केला आणि पोचेपर्यंत सगळा विसरले. दद्दांना जरा बाजूला बोलावलं आणि हळू आवाजात सरळ सांगितलं. "दद्दा, बहू आई थी. मोड तक आकर लौट गई. हर बार आती होगी. आप यहाँ बैठे हैं, इसलिए अंदर नहीं आ पाती."

त्यांचा खोकला थांबला.

"हमाए मारे?" ते म्हणाले.

त्यांच्यामुळंच, म्हणून मी मान हलवली. मला वाटलं होतं चिडतील, आमच्या रीतीरिवाजात नाक खुपसू नका म्हणतील. त्यांनी फक्त वळणाकडं पाहिलं, तिथं आता कुणी नव्हतं, आणि मग खाली आपल्या हातांकडं. दगड फोडून त्या हातांची बोटं वाकडी झाली होती. इतके मंगळवार हा माणूस तिची जागा धरून बसला होता, आणि त्याच जागेनं तिची वाट अडवली होती. मला त्यांची इतकी दया आली की मी दुसरीकडं बघायला लागले.

मग ते बाकाकडं गेले, काठी उचलली आणि बाकीच्यांना म्हणाले, "चलो रे, इतै घाम लगत."

वर कोरा करकरीत पत्रा, खाली गार फरशी, आणि हा म्हणतो ऊन लागतंय. बाकीचे म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. पण दद्दा वयानं मोठे, आणि चालूही लागले होते. कुरकुरत सगळे त्यांच्या मागून देवळाच्या ओट्याकडं गेले, पत्त्यांचा डाव तसाच हातात धरून. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि त्यात सुनेची अब्रू राहिली, त्यांचीही, आणि आमचीसुद्धा.

ती आली. पायात चपला घालून आली, हे मी मुद्दाम पाहिलं. नर्सनं खिडकी लावून घेतली आणि दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून तिनं पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा पाहिलं. लघवी तपासली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली की हिला आत्ताच्या आत्ता ग्वाल्हेरला न्यायला हवं, कधीही झटके येऊ शकतात. एक इंजेक्शन दिलं, इस्पितळात फोन लावला. सरकारी गाडी दुसऱ्या गावाला गेलेली होती. जाऊबाईंनी पर्समधून किल्ली काढली आणि बाहेर पडल्या.

घरचं कुणीतरी बरोबर हवं. घरचं माणूस म्हणजे दद्दाच. ते पुढं जाऊबाईंच्या शेजारी बसले, मान ताठ, नजर काचेवर खिळवलेली. मागं मी, मधे ती, पलीकडं नर्स, सुनेच्या नाडीवर हात ठेवून. गाव सुटलं आणि दद्दा समोरच्या काचेला म्हणाले, "पूछो, जी तो नईं घबरा रओ?"

ती त्यांच्या पाठीमागं हातभर अंतरावर होती. तरी ती गप्प. मग माझ्या लक्षात आलं की हे मला सांगणं आहे. मी तिच्याकडं वळून विचारलं, घाबरायला होतंय का? ती माझ्या कानात कुजबुजली, "कह दो, नईं." मी पुढं सांगितलं, नाही म्हणते. अशी आमची टपाल कचेरी सुरू झाली. पाणी पाहिजे का विचारा. सांगा, नको. सांगा, भिऊ नको म्हणावं. थोड्या वेळानं जाऊबाईंचा संयम सुटला आणि त्या हॉर्न वाजवत म्हणाल्या, "भैया, वो आपके पीछे ही बैठी है, सीधे पूछ लो ना." मी जाऊबाईंना आरशातून डोळ्यांनी दटावलं. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि त्यांनी ऐकलं. मला आता या निरोपांचा राग येत नव्हता. सासू गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालंच नसेल, असं मनात आलं आणि मी पुढचा निरोप जरा जास्तच काळजीपूर्वक पोचवला.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला स्वतःला टांगून ठेवलेलं आवडत नाही. मुलगी झाली. वेळेआधीची, एवढीशी, काही दिवस काचेच्या पेटीत होती. आता आईच्या कडेवर बसून नर्सची ओढणी चघळते. बाक आम्ही उखडला आणि देवळाच्या पिंपळाखाली बसवला, म्हातारे खूष आहेत. उपकेंद्राच्या मागं, रानाकडच्या बाजूला, बायकांसाठी नुसता एक ओटा बांधला आणि मधे आडभिंत. तो कुठं बांधायचा हे या वेळी आम्ही ठरवलं नाही, त्यांना विचारलं. मंगळवारी तिथं इतका कालवा असतो की नर्स आता त्याच्या नावानं ओरडते.

पण मला आठवतं ते इस्पितळातलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं ते मोठं सरकारी इस्पितळ, दुपारची गर्दी, कुणी जमिनीवर, कुणी जिन्यात. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून लगेच आत घ्यायला सांगितलं, बाळ आत्ताच काढावं लागेल म्हणाल्या. त्यांनी तिला विचारलं, डोळ्यांपुढं अंधारी कधीपासून येते? ती म्हणाली, बरेच दिवस. मग कुणाला सांगितलं का नाहीस, असं त्या जरा वैतागूनच म्हणाल्या. ती पुटपुटली, "कासों कहते?"

कुणाला सांगणार होते? दद्दा दाराबाहेर भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांचे खांदे मला दिसत होते.

स्ट्रेचर बाहेर आलं. तिचा घुंघट अजून तोंडावरच होता, कुणाला तो काढायचं सुचलं नव्हतं. वॉर्डबॉय ढकलत निघाला, दद्दांच्या पाठीमागून चाकं खडखडत गेली, आणि तिनं हात वर करून त्याला थांबवलं. मला वाटलं, तिला मला काही सांगायचंय. मी वाकले. पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

"दद्दा," ती म्हणाली. आवाज फुटका होता, पण सगळ्या गर्दीत ऐकू येईल एवढा होता. "इतईं रहियो." इथंच थांबा.

ते वळले नाहीत. वळले असते तर तिची पंचाईत झाली असती. भिंतीवर हात टेकून, पण भिंतीला नव्हे, तिला म्हणाले, "हओ, बेटा. इतईं हैं."

मी निरोप पोचवायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.